आयसीयूत नवीन लागलात? नळीवाल्या पेशंटशी बोलायला शिका

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून आयसीयूत लागलेल्या मुली सुरुवातीला एकाच गोष्टीला दबकतात: पेशंटच्या तोंडातून आलेली नळी आणि तिला जोडलेला व्हेंटिलेटर. दबकणं साहजिक आहे. पण सांगली-मिरजेच्या आयसीयूत इतकी वर्षं काढल्यावर मी ठामपणे सांगते, नळी लवकर समजते. नळीमुळे गप्प झालेला माणूस समजायला जास्त वेळ लागतो, आणि ड्युटीतलं निम्मं हसूही तिथेच सापडतं.

आधी नळी. आमच्या तोंडी ती ईटी, म्हणजे एंडोट्रॅकियल ट्यूब. ती दोन स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरते. तिच्या खालच्या टोकाजवळ एक फुगा असतो, त्याला कफ म्हणायचं. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार वडिलांच्या कॉटजवळ उभे राहून मला विचारत होते, "सिस्टर, ही किती एमएमची?"

"आठची."

"म्हंजे आमच्या लॅटरलच्या निम्मी. आन् बाजूनं लीक झाली तर?"

मी सांगितलं, आत फुगा आहे, तो फुगवला की बाजूची फट बंद होते. त्यांनी बाहेर लोंबणाऱ्या छोट्या फुग्याकडे बोट केलं. "मग हितं नॉन-रिटर्न बसवला असणार."

अगदी बरोबर! तिथे एकतर्फी व्हॉल्व्ह असतोच. सिरिंजने हवा भरली आणि सिरिंज काढली तरी हवा परत येत नाही. लॅटरल म्हणजे बागेतल्या ठिबकची नळी, आणि सोळा एमएमच्या लॅटरलचा हिशेबही त्यांचा चोख होता. नातेवाइकांना समजावताना त्यांच्या रोजच्या कामातलं काहीतरी धरा, घाबरलेला माणूस लगेच जमिनीवर येतो.

आता आकडे. बायकांना साधारण ७ ते ७.५ आणि पुरुषांना ७.५ ते ८.५ ची नळी लागते. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा छापलेल्या असतात. दातांपाशी बाईला साधारण २१ आणि पुरुषाला २३ दिसतो. तुमच्या पेशंटचा जो आकडा चार्टवर लिहिलाय तो ड्युटी घेताना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आदल्या सिस्टरच्या तोंडून ऐकून पुढे जाऊ नका. नळी आत सरकली तर ती बहुधा उजव्या फुफ्फुसात जाते, कारण श्वासनलिकेची उजवी शाखा रुंद आणि जास्त सरळ असते. मग डाव्या बाजूला हवा कमी ऐकू येते. कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका ठेवायचा. कमी झाला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दाबला जातो. फुगा बोटांनी चेपून अंदाज बांधायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, मला ती अजिबात पटत नाही. दाब मोजणारा मॅनोमीटर मागा.

कफचं महत्त्व विद्यार्थिनींना सांगायला मी एक खरा किस्सा वापरते. १९२० च्या दशकात अमेरिकेत आर्थर ग्वेडेल नावाचे भूलतज्ज्ञ होते. आपल्या ट्रेमध्ये जीभ मागे पडू नये म्हणून जो वाकडा प्लॅस्टिकचा एअरवे असतो, तो यांच्याच नावाचा. कफवाल्या नळीवर डॉक्टरांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी एका कुत्र्याला भूल दिली, नळी घातली, कफ फुगवला आणि त्याला सरळ पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. नंतर बाहेर काढलं, कुत्रा जागा झाला, अंग झाडून पाणी उडवलं आणि चालता झाला. त्याचं नाव ठेवलं होतं एअरवे. हा किस्सा ऐकलेली मुलगी कफ बघायला विसरत नाही.

नळी स्वरतंतूंच्या मधून जाते म्हणून पेशंटला आवाज काढता येत नाही. याची दुसरी बाजू नीट लक्षात ठेवा. एकदा भेटीच्या वेळी एका आजोबांच्या तोंडून स्पष्ट "आगं" असं निघालं. घरचे हरखले, सून म्हणाली, "मामा बोलाय लागलं!" मी धावले. नळीवाला पेशंट बोलला तर समजायचं, कफ गळतोय किंवा नळी वर सरकलीय. आजोबांची नळी वर आली होती, डॉक्टरांनी लगेच नीट केली. घरच्यांचा आनंद मोडायला जीवावर आलं, पण धावायचंच. उशाशी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), मास्क आणि लाळ-बेडका ओढून काढणारं चालू सक्शन कायम हवं. सक्शन करताना कॅथेटर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवू नका आणि आधी शंभर टक्के ऑक्सिजन द्या. ट्रॅकी, म्हणजे गळ्याला छिद्र करून घातलेली नळी, असेल तर त्याच मापाची एक आणि एक साइझ लहान अशा दोन जादा ट्यूब कॉटलाच ठेवा.

आता बोलण्याचं. पाटी-पेन्सिल किंवा चित्रांचा तक्ता जवळ असू द्या. आधी हो-नाहीचे प्रश्न विचारा: दुखतंय का, श्वास अडतोय का, कूस बदलू का. गुंगी कमी केल्यावर जत भागातले एक काका सारखे दोन्ही मुठी आळीपाळीने खाली ओढायचे. आम्ही पाणी विचारलं, कंबर विचारली, लघवी विचारली. काका मान हलवून वैतागले, नाडी वाढली. रात्रपाळीचे वॉर्डबॉय मामा नुसतं बघून म्हणाले, "सिस्टर, ते धार काढायत." मुलाला फोन लावला, त्यानं सांगितलं, दोन्ही म्हशींची धार काढून डेअरीला दूध घातलं. काकांना ते कानाशी सांगितल्यावर हात शांत पडले. दर तासाला आम्ही त्यांच्या नोंदी लिहीत होतो, पण त्यांना हवी असलेली बातमी एकालाही सुचली नव्हती. म्हणून पेशंट आला की घरच्यांना विचारून ठेवा: हे काय करतात, घरी कोण वाट बघतंय, कशाची काळजी असेल.

मिरजेला अथणी-चिकोडीकडचे पेशंट खूप येतात. थोडं कन्नड शिकाच: उसिरु म्हणजे श्वास, नोवु म्हणजे वेदना, नीरु म्हणजे पाणी. "उसिरु तगोळ्ळी" म्हटलं की आजी डोळे उघडून बघतात.

नळी काढल्यावर आवाज घोगरा येतो, तो बहुधा काही दिवसांत सुधारतो, हे आधीच सांगून ठेवा. पहिली मागणी बहुतेक वेळा चहाची असते आणि नातेवाईक थर्मास घेऊन दारात तयारच असतात. लगेच देऊ नका. पेशंटला बसतं करा, खोकायला सांगा, गिळता येतंय का ते डॉक्टरांना बघू द्या, मग चमच्याने पाणी. ते ठसका न लागता उतरलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की चहा खुशाल द्या, साखर घालायची का ते फाइल बघून ठरवा.