‘मुळे’ सोडा, ‘मेक्स’ पकडा

इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येते, व्हॉट मेक्स यू सूटेबल फॉर धिस जॉब, आणि आपल्या गावाकडची पोरं तिथंच गाडी अडकवतात. प्रश्न समजत नाही असं काही नाही, उत्तर डोक्यात मराठीत तयार असते, "मेहनतीमुळे मी या कामाले लायक आहो", आणि तेच जसंच्या तसं बाहेर येते, बिकॉज ऑफ माय हार्ड वर्क आय ॲम सूटेबल. व्याकरणात कोणी याला चूक म्हणणार नाही. पण इंग्रजी रोज बोलणारा माणूस तिथं सहसा असं बोलत नाही.

मुद्दा साधा आहे. आपण कारणाला ‘मुळे’ लावतो अन् बाजूला ठेवतो. मिरचीमुळे भाजी तिखट झाली, यात कर्ता भाजी. इंग्रजीत मात्र कारणच कर्ता होऊन बसते, द चिली मेड द करी हॉट. आपल्याकडं कारण ट्रॉलीत बसते, इंग्रजीत ते स्टेअरिंगवर. एवढं एकदा डोक्यात बसलं का बाकी सगळं सवयीचं काम आहे.

पहिला साचा: कारण, मेक्स, वस्तू, गुण. द लूज स्किन मेक्स द नागपूर ऑरेंज इझी टू पील. साल सैल म्हणून संत्रं सोलायला सोपं. बहुतेक पोरं इथं दोन ठिकाणी पडतात. एक म्हणजे मधात ‘टू’ घुसवतात, मेक्स द करी टू हॉट, तसं नाही, मेक्स द करी हॉट, बस. (‘इझी टू पील’मधला ‘टू’ वेगळा, तो ‘सोलायला’चा आहे, तो राहू द्या.) दुसरं म्हणजे गुणाला उगाच ‘ली’ लावतात. मराठीत आपण म्हणतो खड्ड्यांनी रस्ता डेंजर केला, अन् तिथंच घोळ होते, कारण आपल्या बोलण्यात ‘डेंजर’ हे विशेषण होऊन बसलं आहे अन् इंग्रजीत ते नाम आहे. मंग कोणी ‘मेक्स द रोड डेंजर’ म्हणते, कोणी जास्तच शहाणपण करून ‘डेंजरसली’ म्हणते. पाहिजे डेंजरस. पॉटहोल्स मेक द रोड डेंजरस. टेस्टचंही तसंच, ‘लय टेस्ट आहे’ हे आपल्या पंगतीत चालते, मेकच्या मागं मात्र टेस्टीच लागते.

गुणाच्या जागी माणसाची ओळखही येऊ शकते. पेशन्स मेक्स हर अ गुड टीचर. इथं ‘ॲज अ गुड टीचर’ लिहू नका, पेपरात हे इतक्या वेळा दिसते का आता वाचून राग पण येत नाही.

दुसरा साचा गिव्हचा, आणि मला विचाराल तर हा सगळ्यात सुंदर. गुण विशेषणात न सांगता नामात सांगायचा, आणि आधी ‘इट्स’, ‘हिज’, ‘हर’ जे लागते ते. कर्क्युमिन गिव्ह्ज टर्मरिक इट्स यलो कलर. हळदीला तिचा पिवळा रंग देते कर्क्युमिन, हळदीतलंच एक द्रव्य. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद तुम्ही कांडली असेल तर हाताला तो रंग किती दिवस राहते ते सांगायची गरज नाही. यातला ‘इट्स’ पोरं खाऊन टाकतात, गिव्ह्ज टर्मरिक यलो कलर लिहितात. समजते सगळं, पण ते ‘इट्स’ जे काम करते ना, का हा रंग हळदीचा स्वतःचा आहे, वरून लावलेला नाही, ते निघून जाते. हेच उलटं करून हळदीपासून सुरू करायचं असेल तर टर्मरिक गेट्स इट्स कलर फ्रॉम कर्क्युमिन. निबंधात जरा भारी वाटावं म्हणून ओव्ज इट्स कलर टू कर्क्युमिन चालते, बोलताना एवढं भारी नको.

आता मुख्य साचा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहून राहिलो. व्हॉट मेक्स अमुक तमुक इज फलाना. व्हॉट मेक्स ब्लॅक सॉइल क्रॅक इन समर इज इट्स क्ले. हे कधी वापरायचं, तर ऐकणाऱ्याला गुण आधीच माहीत आहे अन् तुम्हाला कारणावर बोट ठेवायचं आहे तेव्हा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात का त्यात बैल हाकायच्या तुतारीची काठी सहज जाते, हे गावात सगळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळं भेगा पडतात ही काही बातमी नाही, बातमी ही का तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकण माती असते, ती पाणी पिऊन फुगते अन् वाळली का आकसते. तर बातमी वाक्याच्या शेवटी ठेवायची, ‘इज’नंतर. ‘इज’च्या आधी थोडं थांबायचं, तिथं श्वास घ्यायला जागा आहे. (इथं गुणाच्या जागी क्रियापद आलं, ‘क्रॅक’, तेही चालते, अन् त्यालाही ‘टू’ लागत नाही.)

तीन गोष्टी सांभाळा. ‘व्हॉट डज मेक’ नाही, डजची इथं गरजच नाही कारण व्हॉट स्वतः कर्ता आहे. मागं दहा कारणं असली तरी ‘मेक्स’ एकवचनीच राहते. आणि कारण पूर्ण वाक्य असेल तर इज दॅट म्हणायचं, व्हॉट मेक्स हिम अ गुड सरपंच इज दॅट ही लिसन्स. ‘इज बिकॉज’ नको, गावात असा सरपंच असो का नसो, वाक्य बरोबर पाहिजे.

काळ बदलला तर दोन्ही क्रियापदं बदला. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, सगळ्यांच्या मोबाइलवर फोटो फिरत होते, नंतर तपासणीत निघालं का पाणी कमी होऊन खारटपणा वाढला अन् मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा तो रंग. रंग बदलला म्हणून इथं मेकपेक्षा टर्न जास्त शोभते. व्हॉट टर्न्ड द लेक पिंक वॉज अ सॉल्ट-लव्हिंग मायक्रोब. टर्न्डसोबत वॉज, इज नाही. त्याच सरोवराचा गोल आकार मात्र उल्केच्या धडकेनं आला, तिथं गिव्ह घ्या: अ मीटियोराइट इम्पॅक्ट गेव्ह लोणार इट्स राउंड शेप.

कधी कधी लोकांचा समज खोडून काढायचा असते, तेव्हा इट्स नॉट... इट्स हा साचा कामाला येते. आपल्याकडं ठेचा करताना आजी म्हणते बिया काढ, बियाच तिखट असतात. खरं पाहता मिरची उभी चिरून बघा, मधात जी पांढरी शीर असते ना, जिला बिया चिकटलेल्या असतात, तिखटपणा मुख्यतः तिच्यात असते, बियांना तो लागून येते. तर, इट्स नॉट द सीड्स दॅट मेक अ चिली हॉट, इट्स द व्हाइट पार्ट इनसाइड. इथं ‘मेक’ला ‘स’ नाही पाहा, कारण दॅटच्या आधी आलेलं सीड्स अनेकवचनी आहे. व्हॉटसोबत मेक्स, सीड्ससोबत मेक. आजीला हे इंग्रजीत सांगायला जाऊ नका, ठेचा मिळणार नाही.

आता इंटरव्ह्यूच्या प्रश्नाकडं. हार्ड वर्क, कॉन्फिडन्स, डेडिकेशन हे शब्द समोरच्यानं सकाळपासून ऐकून ऐकून कान किटलेले असतात. इज दॅटच्या मागं खरं काम ठेवा, हातानं केलेलं. व्हॉट मेक्स मी सूटेबल इज दॅट आय हॅव केप्ट द अकाउंट्स ऑफ आवर डेअरी ऑन अ कम्प्युटर. दूध संकलन केंद्रावर फॅट लावून हिशोब केला असेल तर तेच सांगा. कृषी केंद्रात खताचं रजिस्टर ठेवलं असेल तर ते. मराठीत ज्याला आपण ‘काय विशेष त्यात’ म्हणून सोडून देतो, तेच या साच्यात चपखल बसते.

सराव करायचा असेल तर ही वाक्यं घ्या, प्रत्येक वाक्य मेकनं एकदा अन् गिव्हनं एकदा, जिथं जमत नाही तिथं का जमत नाही ते कोणाला तरी समजावून सांगा:

लिंबामुळे वरणाला आंबट चव येते.
पाऊस उशिरा आल्यानं शेतकरी टेन्शनमध्ये आहेत. (टेन्शन हे पण डेंजरसारखंच, सांभाळून.)
मोहफुलाच्या वासामुळे रात्री जंगल ओळखू येते.
आमच्या गावची शाळा चांगली आहे ती मास्तरांमुळे, इमारतीमुळे नाही.

शेवटचं वाक्य इट्स नॉट... इट्सनं करून पाहा, मेक्स का मेक ते ठरवताना दॅटच्या आधी कोण आहे, इमारत का मास्तर, तेवढं आधी पाहा.