बांधावर अमरकंद दिसला तर फवारा थांबवा

मंडळी, सोयाबीन पेरून झालंय, आता बांध साफ करायची घाई सगळ्यांनाच असणार. पण इंदूरच्या दक्षिणेला महू, मानपूर, चोरलकडे डोंगराला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांनी पंप पाठीवर घ्यायच्या आधी बांधावरून एक चक्कर मारा. शिंदीच्या कोवळ्या रोपासारखं, उभ्या चुण्या पडलेलं पान सरळ मातीतून वर आलेलं दिसलं, आणि बाजूलाच पानांपासून सुटा असा फुलांचा दांडा असेल, फुलाची एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी आणि पुढे आलेली असेल, तर तो बहुतेक अमरकंद, आपलं देशी जमिनीवरचं ऑर्किड.

तिथे ग्लायफोसेट हे तणनाशक नको म्हणजे नको, ते पानातून थेट कंदापर्यंत उतरतं. गवत विळ्यानं कापा, उपटू नका.

आणि खणून घरी आणायचा तर विचारसुद्धा करू नका प्लीज. याचं बी धुळीइतकं बारीक, आत अन्नाचा साठाच नाही, मातीतली ठरावीक बुरशी त्याला पोसते तेव्हाच ते रुजतं, म्हणून एक कंद गेला की त्या जागी दुसरा यायला फार वेळ लागतो. औषधाच्या नावाखाली उकरून नेणारे आधीच कमी नाहीत. शेंग धरली असेल तर ती तिथेच वाळून फुटू द्या.

कुंडीत हवाच असेल तर नर्सरीत वाढवलेला घ्या, जंगलातून आणलेला नाही ना हे विचारूनच. नुसती आपली काळी माती चालत नाही, पावसात ती पाणी धरून बसते, त्यात मुरूम, जाड वाळू आणि कुजलेला पाला भरपूर मिसळा. कंद दोन-तीन इंच खोल, जागा सकाळच्या कोवळ्या उन्हाची. युरिया नको, मातीत बुरशीनाशक तर अजिबात नको. गोगलगायी कोवळा कोंब एका रात्रीत फस्त करतात, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन बघत जा.

खरा घोळ दिवाळीनंतर होतो. पानं पिवळी पडतात, लोकांना वाटतं झाड तहानलंय, मग रोज पाणी, आणि आत कंद कुजून जातो! अहो तो झोपलाय, पानं वाळली की पाणी बंद करा, कुंडी पाऊस सुरू होईपर्यंत सावलीत कोरडी राहू द्या. वर नावाची चिठ्ठी मात्र लावा, नाहीतर रिकामी समजून घरातलं कुणीतरी त्यात मेथी पेरेल.