गाडी गरम होते, पण नेमकी केव्हा?

आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी चिपळूणच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा इंजिन थंड ठेवण्याच्या यंत्रणेविषयी आपल्याला सगळे ठाऊक आहे असा माझा पक्का समज होता. पाणी फिरवणारा वॉटर पंप, पाणी तापल्यावरच वाट उघडणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट, पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी म्हणजे रेडिएटर, पंखा आणि त्यांना जोडणारे दोन होस पाइप (रबरी नळ्या), एवढाच तो पसारा, आणि त्याची आकृती मी डोळे मिटून काढू शकत होतो. गॅरेजमध्ये मात्र गिऱ्हाईक आकृती घेऊन येत नाही. तो ‘गाडी गरम होते’ एवढेच सांगतो, आणि हे वाक्य अर्धे आहे हे कळायला मला एक चांगली गाडी आणि एका भल्या माणसाचे बरेच पैसे खर्ची घालावे लागले.

गुहागरकडचे एक शिक्षक अठरा वर्षांची डिझेल गाडी घेऊन आले. कराडला जाताना पोफळी सोडून कुंभार्ली घाटाचा चढ लागला की तापमानाचा काटा वर सरकतो आणि थोडे पाणी घातले की पुन्हा ठीक होते, असे त्यांनी सांगितले. मी थर्मोस्टॅट बदलला. दोन आठवड्यांनी ते परत आले, तेव्हा रेडिएटर काढून सळीने नळ्या साफ करून घेतल्या. तिसऱ्या वेळी वॉटर पंप बदलला. चौथ्या वेळी गुरुजी आले ते एक कापडी पिशवी घेऊन. मागच्या प्रत्येक कामाचे जुने भाग त्यांनी मागून घेतले होते, हे मी विसरलो होतो. ती पिशवी माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी शांतपणे विचारले, “यातलं खरंच खराब काय होतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या मिस्त्रींनी पिशवीतला जुना थर्मोस्टॅट काढला, चहाच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लोंबकळत सोडला आणि शेजारी तापमापक धरला. थर्मोस्टॅटच्या कडेवर ८२ चा आकडा, म्हणजे तो उघडण्याचे तापमान, कोरलेला होता. पाणी त्या आकड्याच्या जवळ पोहोचताच त्याची झडप हळूहळू उघडू लागली. म्हणजे मी नवाकोरा म्हणून जो भाग बसवला होता, तो अगदी निरोगी भाग काढून बसवला होता. मिस्त्री मला एवढेच म्हणाले, “पाना ठेव खाली आणि आधी त्यांना विचार.”

विचारायचे ते असे. गाडी बाजारात, गर्दीत उभी असताना तापत असेल, तर संशय पंख्यावर आणि हवेच्या वाटेवर घ्यावा, कारण त्या वेळी रेडिएटरमधून वारा खेचण्याचे काम एकटा पंखाच करतो. सपाट रस्त्यावर वेगात तापत असेल, तर वारा भरपूर आहे आणि पाणीच पुरेसे फिरत नाही, म्हणजे रेडिएटरच्या नळ्या बुजल्या असतील, पंपाची पाती गंजून झिजली असतील किंवा खालचा होस पाइप पंपाच्या ओढीने आत चेपला जात असेल. घाटात तापणे सर्वांत फसवे, कारण तेथे इंजिनावर पूर्ण भार असतो, वेग कमी असल्याने समोरचा वाराही नसतो आणि प्रत्येक लहान उणीव एकाच वेळी उघडी पडते. डिझेल इंजिन गाडी उभी ठेवून नुसते चालू असताना फार कमी इंधन जाळते आणि फार कमी उष्णता निर्माण करते. त्यामुळे जुनी डिझेल गाडी नुसती उभी असतानाच तापत असेल, तर दोष मोठा आहे असे समजून चालावे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. ‘थोडे पाणी घातले की ठीक होते’ हे गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, पण ते पाणी जाते कुठे हे मी विचारले नव्हते. फरशीवर डाग नव्हता, पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून ओल नव्हती, गाडीच्या आतला गालिचा कोरडा होता, म्हणजे हीटरची जाळीही गळत नव्हती. मिस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना त्यांनी माझा हात वरच्या होस पाइपवर ठेवला. तो मऊ असायला हवा होता, पण टणक लागला. मग त्यांनी रेडिएटरच्या झाकणावर फडके ठेवून ते पाव फेरा सैल केले आणि ‘फुस्स’ असा आवाज झाला.

त्या आवाजाचा अर्थ नवशिक्याने नीट समजून घ्यावा. गाडी तापते तेव्हा आतले पाणी फुगते आणि दाब वाढतो, झाकणावर ०.९ किंवा १.१ बार असा जो आकडा असतो, त्या दाबापर्यंत झाकण तो धरून ठेवते आणि त्यामुळेच आतले साधे पाणीसुद्धा १०० अंशांऐवजी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. इंजिन थंड झाले की पाणी आकसते, दाब उतरतो आणि जादा पाणी साठवणाऱ्या बाटलीतले पाणी परत ओढले जाते. म्हणून सकाळी आत दाब उरायला नको. तो उरला असेल, तर पाण्याच्या वाटेत वायू शिरला आहे, आणि असा वायू बहुधा सिलिंडरमधूनच, हेड गॅस्केटमधल्या, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सांधपट्टीतल्या, फटीतून येतो. ती फट केसाएवढी असेल तर सपाटीवर काहीच जाणवत नाही. घाटात भार पडला की ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतो, पाणी बाटलीत लोटतो आणि वाट अडवून बसतो. जळालेल्या वायूने निळ्याचे हिरवट किंवा पिवळे होणारे चाचणीचे द्रावण आमच्याकडे होते, पण इंजिन उभ्याउभ्या चालू असताना ते निळेच राहिले. त्यावर विसंबलो असतो तर मी बहुधा चौथा चांगला भाग काढला असता.

हेड उतरवल्यावर गॅस्केटवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध काळी रेघ स्पष्ट दिसली. बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असेल तर ते तापल्याने वाकते, म्हणून सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरून खाली फिलर गेजचे (फट मोजायच्या मापाचे) पान घालून पाहावे. ०.०५ मिमीचे पान सरकले की पुस्तिकेतील मर्यादा काढून बघावी आणि मगच हेड फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, पाठवावे; काही जुन्या डिझेल हेडचे फेसिंग करण्यास कंपनीची मनाईच असते. यानंतर मी आणखी एक चूक करणार होतो. दुकानातून त्याच गाडीचे म्हणून गॅस्केट आणले, पण त्याच्या कडेला दोन छिद्रे होती आणि जुन्याला तीन. डिझेल इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर येतो हे मोजून गॅस्केटची जाडी ठरवतात आणि ती जाडी या छिद्रांनी किंवा खाचांनी दर्शवतात. पातळ बसले तर पिस्टन हेडला लागण्याची भीती, जाड बसले तर कॉम्प्रेशन (हवा दाबली जाण्याचे प्रमाण) कमी. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळावेत. अंदाजाने आवळणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्याकडची गाडी परत येते.

आमचीही आली, तीन महिन्यांनी. या वेळी सकाळी झाकण उघडताना आवाज नव्हता, पण घाटात काटा चढतच होता. गॅस्केट हा परिणाम होता. मूळ कारण आम्ही शोधलेच नव्हते. त्या गाडीला बेल्टवर फिरणारा, व्हिस्कस कपलिंगचा पंखा होता. या कपलिंगमध्ये सिलिकॉनचे तेल असते आणि समोरची पत्र्याची चकरी गरम वाऱ्याने वळली की ते तेल पंख्याला इंजिनाच्या फिरण्याशी जखडते. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला, तर तो अडखळत थांबायला हवा. हा मात्र तीनचार गिरक्या घेऊन थांबला. मागे तेल झिरपून त्यावर तांबड्या धुळीचा लेप बसला होता, जो मी चार वेळा पाहूनही पुसण्यापलीकडे काही केले नव्हते.

आपल्या किनारपट्टीवर दोन गोष्टींची भर पडते. खारा वारा रेडिएटरची पाती इतकी कुरतडतो की बोट लावले तर ती भुगा होऊन पडतात. नळ्या शाबूत, गळती नाही, पण उष्णता सोडायला पत्राच उरलेला नसतो. आणि समुद्राजवळच्या विहिरीचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये घातले की आतून गंज धरतो. त्याऐवजी डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट (पाणी गोठू न देणारे, गंज रोखणारे द्रव) निम्मे निम्मे वापरावे. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कुलंट नको, हा युक्तिवाद चुकीचा आहे, कारण कुलंटचे येथले मुख्य काम गंज रोखणे हे आहे. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत जांभ्याची धूळ आणि पालापाचोळा साचतो. तो इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने धुवावा.

‘कोकणात थर्मोस्टॅट काढूनच टाका’ असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नये. थर्मोस्टॅट नसेल तर सपाटीवर इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, डिझेल जास्त जळते, आणि मुख्य म्हणजे खरा दोष काही दिवस झाकला जातो.

नवे कपलिंग बसवल्यावर आम्ही गाडीचे तोंड चढावर करून कुलंट भरले, हीटर पूर्ण उघडा ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. मग मिस्त्री, गुरुजी आणि मी घाटावरच्या हेळवाकपर्यंत चढून गेलो. काटा मध्यावर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी स्वतः झाकणावर फडके ठेवून ते सैल केले, कान जवळ नेला आणि काहीच आवाज आला नाही, तेव्हा कापडी पिशवी घडी करून खिशात ठेवली.