हॉटेलचे नवे मॅनेजर: या चुका टाळा

सगळ्यात जुनी चूक म्हणजे हातात काहीही अधिकार न देता माणूस रिसेप्शनवर उभा करणं. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात ऐन डिसेंबरात रात्री उशिरा एक कुटुंब आलं, सोबत लहान मुलं. खोलीतला गीझर बंद. वरच्या मजल्यावरची महागडी खोली रिकामी होती आणि तिची चावी रिसेप्शनवरच्या पोराच्या हाताशीच होती. पण खोली बदलायला मॅनेजरची परवानगी लागते आणि मॅनेजर फोन उचलेना. पोरगा तासभर "बघतो सर, सांगतो सर" करत राहिला. सकाळी त्या कुटुंबानं पैसे परत मागितले, तेव्हा मॅनेजरनं भर लॉबीत त्या पोरालाच झापलं. पुढच्याच महिन्यात पोरगा नोकरी सोडून गेला. कामाचा होता.

रिट्झ-कार्ल्टन या आलिशान हॉटेलसाखळीत पाहुण्याची अडचण सोडवायला कर्मचारी वरिष्ठांना न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. आपल्याकडे एवढं नको. रात्रपाळीला मी तीन गोष्टी लिहूनच देतो: खोली बदल, एका वेळच्या जेवणाचं बिल सोड, डॉक्टर किंवा गाडी बोलाव. सकाळी फक्त काय केलंस ते सांग. निर्णय चुकला असेल तर बोलणं आत, दार लावून. पाहुण्यासमोर मी आपल्या पोराच्याच बाजूनं उभा.

पाळी बदलताना तोंडी चार्ज देऊ नका. "ग्रुपवर टाकलंय" हेही चालणार नाही. तो मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. बांधीव लॉगबुक ठेवा, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या.

पाळी सुरू होतानाच्या ब्रीफिंगमध्ये भाषण नको. आज किती खोल्या भरल्यात, मेनूतलं काय संपलंय, एवढंच सांगा.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावून वेटरला भांडायला पुढे करू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्ये त्याला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ती कायम ठेवली.

स्टाफचं जेवण आठवड्यातून दोनदा तरी स्वतः जेवा.

आणि हाउसकीपिंग टाळून थेट मॅनेजरच्या खुर्चीची घाई असलेल्यांना मी घेतच नाही. ज्यानं स्वतः बाथरूम घासलेलं नाही, त्याला एका पाळीत किती खोल्या होतात हे कळत नाही. मग तो एका माणसाला दोघांच्या खोल्या देतो आणि चादरी का बदलल्या नाहीत म्हणून ओरडतो.