एअरलाइन बदलताना: कोकणातल्या नव्या वैमानिकांसाठी

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडची वैमानिक झालेली मुलं हल्ली बऱ्यापैकी आहेत. कुठल्यातरी कंपनीने भरती काढली की त्यांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, तिकडे किती देतात?" मी उलट विचारतो, "तुझा सीनिऑरिटी नंबर काय, आणि तुझ्या कंपनीने गेल्या वर्षी किती जणांना कमांड दिली, म्हणजे कॅप्टन केलं?" तिकडच्या पगाराचा आकडा त्यांना पैशापर्यंत पाठ असतो. स्वतःचा नंबर मात्र बघून सांगावा लागतो.

माझ्याबद्दल थोडक्यात: एटीआर ७२ या पंख्याच्या छोट्या विमानावर को-पायलट म्हणून सुरुवात केली, नंतर दुसऱ्या कंपनीत ए३२० या जेट विमानावर गेलो, आता तिथेच कॅप्टन. घर कुडाळजवळ. एकदा कंपनी बदलली, पुढे एकदा चांगली ऑफर आली तेव्हा नाही म्हटलं. दोन्ही वेळेला हिशेब एकाच पद्धतीने मांडला होता, उत्तरं वेगळी आली.

सीनिऑरिटी म्हणजे काय हे सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करताना कोणी शिकवत नाही. रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे कंपनीच्या यादीत तुम्हाला एक नंबर मिळतो. कमांडच्या ट्रेनिंगला आधी कोण जाणार, हवा तो बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर) कोणाला मिळणार, मोठ्या विमानावर कोणाची वर्णी लागणार, हे बहुतेक ठिकाणी त्या यादीवरून ठरतं. बऱ्याच कंपन्यांत गणपतीची रजासुद्धा. चतुर्थीच्या आठवड्यात अर्ध्या कोकणाला घरी जायचं असतं आणि नेमकी तेव्हाच विमानं भरलेली असतात, त्यामुळे रजा यादीच्या वरच्या टोकालाच संपते. कंपनी बदललीत की लॉगबुकातले तास तुमच्याबरोबर येतात, नंबर जागेवरच राहतो. तीन हजार तास घेऊन गेलात तरी नव्या यादीत तुम्ही तळाला. तुमच्या वर निम्म्या तासांचा मुलगा असतो, कारण तो तुमच्या आधी महिनाभर रुजू झाला.

म्हणून कागद-पेन घ्या. समजा तुमच्या पुढे २४० को-पायलट आहेत आणि कंपनी वर्षाला साधारण ६० जणांना कमांड देते. म्हणजे चार वर्षं. नव्या कंपनीत तुमच्या पुढे फक्त ९० आहेत, ऐकायला किती छान! पण ती वर्षाला १५ जणांनाच वर चढवत असेल तर सहा वर्षं झाली. कॅप्टन आणि को-पायलट यांच्या पगारातलं अंतर इतकं मोठं आहे की कमांडला झालेला दोन वर्षांचा उशीर आज मिळणारी वाढ गिळून टाकतो, वर पुढच्या सगळ्या तासांचं नुकसान वेगळंच. माझं स्पष्ट मत आहे की को-पायलटने निव्वळ पगारासाठी कंपनी बदलू नये. कमांड लवकर येणार असेल तर बदलावी, किंवा आहे ती कंपनी खाली बसायला लागली असेल तर.

त्यातच एटीपीएलचं, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या परवान्याचं बघा. त्याशिवाय कमांड नाही, आणि त्याला एकूण १५०० तास लागतात. त्यात रात्रीचे तासही ठरलेले आहेत. कित्येकांचे तास कधीच पूर्ण झालेले असतात आणि पेपर राहिलेले असतात. नव्या कंपनीत ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, मग नेहमीच्या उड्डाणांवर ट्रेनरबरोबर लाइन ट्रेनिंग, शेवटी चेक, या धबडग्यात अभ्यासाला वेळ मिळत नाही. तेच विमान असलं तरी नव्या कंपनीची कार्यपद्धती पहिल्यापासून घोकावी लागते. तेव्हा पेपर आहात तिथेच देऊन टाका.

आता नव्या कंपनीचा वेग कसा ओळखायचा? भरतीच्या सादरीकरणात विमानांच्या ऑर्डरचा आकडा ठळक दाखवतात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची घोषणा केली, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० ची. आकडे खरे आहेत. पण आपल्याकडे मोहोर बघून बाग ठेक्याने देतात, आणि पेट्या किती भरणार हे त्यानंतरचा पाऊस, तुडतुडे आणि थ्रिप्स ठरवतात. ऑर्डरचंही तसंच. गो फर्स्टकडे विमानं होती, प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांअभावी त्यातली जवळजवळ निम्मी जमिनीवर होती, आणि मे २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. आकासाला बोईंगकडून विमानं वेळेत मिळाली नाहीत तेव्हा भरती झालेले कितीतरी वैमानिक उड्डाणाची वाट बघत बसले. म्हणून विचारायचं ते एवढंच: गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष किती विमानं आली, आणि तुमच्या आधी घेतलेले सगळे आज उडतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एचआर देणार नाही. ते क्रू बसमध्ये मिळतं.

किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ च्या रात्री. जेटच्या वैमानिकांचे पगार त्याआधी कित्येक महिने अडकले होते. आम्हा वैमानिकांची एक गंमत आहे, इंजिनाचं तापमान दोन अंशांनी हललं तर आम्हाला दिसतं, पण स्वतःचं पीएफ पासबुक वर्षानुवर्षं उघडत नाही. मी दर महिन्याला उघडतो. पगार एखाद्या महिन्यात पुढेमागे होऊ शकतो, पण कापलेला पीएफ खात्यात जमा होत नसेल तर मी तिथे कमांडच्या आशेने थांबणार नाही.

नोटीस हा विषय नव्या मुलांना सगळ्यात जड जातो. डीजीसीएच्या (हवाई वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला बारा महिने आणि को-पायलटला सहा महिने नोटीस द्यावी लागते. कंपनीने आधी मोकळं करून एनओसी दिली तर मुदत कमी होते. एरवी नोटिशीच्या काळात तुम्ही नेमून दिलेली उड्डाणं नाकारायची नाहीत आणि कंपनीने तुमचे हक्क काढून घ्यायचे नाहीत, असं दोन्ही बाजूंना बांधलेलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नोटीस न पाळता निघून गेलेल्या वैमानिकांविरुद्ध आकासा कोर्टात गेली होती. तिकडचा भरतीवाला "आम्ही बघून घेऊ" म्हणतो तेव्हा काय बघून घेणार ते ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) बाँड शिल्लक असेल तर तो कोण भरणार, एकदम की हप्त्यांत, आणि तिकडे नवा बाँड किती वर्षांचा, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे.

देवगडचा एक मुलगा मागच्या वर्षी माझ्याकडे ऑफर लेटर घेऊन आला होता. पहिल्या पानावर पगार, ठळक अक्षरात. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत: किमान उड्डाण तासांचा भत्ता 'लाइन रिलीज झाल्यापासून' लागू. म्हणजे क्लास, सिम आणि लाइन ट्रेनिंग संपेपर्यंत नुसता मूळ पगार. सिमला जागा नसली की हे सहज पाच-सहा महिन्यांवर जातं. त्याच्या शिक्षणासाठी घरच्यांनी कलमांची बाग गहाण ठेवली होती, हप्ता दर महिन्याला ठरलेला. त्याने ती ओळ बदलून मागितली. कंपनीने बदलून दिली नाही, पण भत्त्याऐवजी ट्रेनिंगच्या काळासाठी वेगळी ठरावीक रक्कम लिहून दिली. विचारल्यावर मिळतं, हे त्यालाही नवीन होतं.

घरच्यांचं काय करायचं, हा प्रश्न कोकणात वेगळाच असतो. मी पहिली कंपनी सोडतोय म्हटल्यावर आमचे काका म्हणाले, "सोन्यासारखी नोकरी सोडून खंय चललंस?" त्यांच्या डोळ्यांपुढे गिरणीतली आणि बंदरातली नोकरी होती, एकदा लागली की निवृत्तीपर्यंत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि त्यांच्या बोलण्यात एक बारीकशी खरी गोष्टही असते: ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं सलग नोकरी लागते. चार वर्षं काढून निघणाऱ्याने पाचव्या वर्षाची किंमत एकदा मोजून बघावी.

बेस हा भाग माझ्या मते सगळ्यात कमी लेखला जातो. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, तुम्हाला बेसवर विश्रांती देतं, घरी नाही. मुंबई बेस आणि घर कुडाळला असेल तर दोन दिवसांच्या सुट्टीतली एक रात्र कोकणकन्येत जाते आणि दुसरी परतीच्या गाडीत. कागदावर तुम्ही विश्रांती घेतलेली असते. पावसाळ्यात तर रेल्वेवर भिस्त ठेवून ड्यूटी घेऊच नये. जुलै २०२४ मध्ये आधी पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं, मग खेडजवळ दरड आली, आणि दोन्ही वेळेला गाड्या अडकल्या. घाट आणि महामार्गाची अवस्था सांगायला नको. मी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचलेलो असतो, मग घरचे कितीही रुसोत.

गोव्यातला मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि सावंतवाडी-बांद्याकडच्या मुलांचं गणित पालटलं. घरून गाडी काढून ड्यूटीला जाता येईल असा विमानतळ आमच्या पिढीला नव्हता. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून आहे, पण तिथली विमानसेवा कधी असते कधी नसते, तिच्यावर नोकरी बांधता येत नाही. फ्लाय९१ ही कंपनी गोव्यातूनच चालते, एटीआर उडवते. तिकडे जावं का, असं जेटवर असलेल्या दोघा-तिघांनी विचारलं. घरासाठी जायचं असेल तर जरूर जा, पण मोठ्या जेटवर परत यायचं मनात असेल तर आधी विचार करा. एटीआरचे तास तास म्हणून धरले जातात, मात्र कॅप्टनच्या थेट भरतीत कंपन्या त्याच प्रकारच्या विमानावरचे तास मागतात. उलट ज्याने सुरुवातच एटीआरवर केलीय त्याने तिथे कमांड मिळवूनच जेटकडे वळावं, असं मला वाटतं. कोकणच्या पावसात दिवसाला चार-सहा लँडिंग करून जो हात बसतो तो उपयोगी पडतो.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. पनवेल ही आपल्या गाडीवाल्यांची जुनी ओळखीची जागा. चिपळूण-महाडच्या मुलाला सांताक्रूझपर्यंत जायची कटकट वाचू शकते. पण ऑफर लेटरमध्ये नुसतं 'मुंबई' लिहिलेलं असेल तर त्यात दोन्ही विमानतळ येतात का, आणि एकातून दुसरीकडे जाण्याचा वेळ ड्यूटीत धरतात का, हे विचारून घ्या.

विश्रांतीच्या नव्या नियमांनी सध्या बाजारच हलवलाय. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. १ नोव्हेंबर २०२५ ला दुसरा टप्पा लागू झाला, आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमात बसतील इतके वैमानिक रोस्टरवर नव्हते. डीजीसीएला काही काळ सवलत द्यावी लागली. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की मागणी आहे, घाई कंपन्यांना आहे, तुम्हाला नाही. "शुक्रवारपर्यंत सही करा" असं सांगणाऱ्याला सोमवारी फोन केला तरी ऑफर तिथेच असते. आणि बघायचं असेल तर पगारपत्रकाआधी तिकडच्या एखाद्या को-पायलटचं गेल्या तीन महिन्यांचं रोस्टर बघा. रात्रीच्या ड्यूट्या सलग किती, स्टँडबाय (बोलावणं येईल म्हणून तयार राहायचं) किती, आयत्या वेळी बदल किती. वर्षाला हजार तासांची मर्यादा सगळ्यांना सारखी आहे. पण तेच तास पाच दिवसांत सकाळी-दुपारी उडवणं आणि मध्यरात्री तुकड्यातुकड्यांनी उडवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आखाताबद्दल फार बोलत नाही. कर नाही, घर मिळतं, मुलांच्या शाळेची फी मिळते. आपल्याकडे प्रत्येक वाडीत कोणीतरी तिकडे आहे, त्यामुळे माहिती कमी पडत नाही. फक्त परत येताना इथल्या यादीत पुन्हा तळापासून सुरुवात, हे मनात पक्कं असू द्या.

कॅप्टन झालेल्यांसाठी हिशेब पालटतो. कमांड हातात आहे, टाइप तोच आहे, तर थेट कॅप्टन म्हणून जाता येतं आणि नंबराची धग तितकी लागत नाही. तिथे मी बेस आणि रोस्टर आधी, पैसे नंतर असं म्हणेन. मला जी ऑफर आली होती ती पैशाने बरीच वरची होती. बेस उत्तरेत होता, आई-वडील इथे. नाही म्हणायला एक संध्याकाळ पुरली.

निघायचं नक्की झालं की राजीनामा द्यायच्या आधी हातात सही-शिक्क्याचं ऑफर लेटर हवं, तोंडी होकार चालत नाही. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरचे तास आणि तुमचं लॉगबुक जुळवून घ्या. फरक सापडला तर जुन्या कंपनीत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, नंतर ईमेलला उत्तर येत नाही. प्रोफिशियन्सी चेकची (उड्डाणकौशल्याच्या चाचणीची) मुदत कधी संपतेय ते बघा, आणि नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अटही सांभाळा, नाहीतर तिकडे आणखी एक सिम वाढतं. रुजू व्हायची तारीख निवडता येत असेल तर मी ऑक्टोबर-नोव्हेंबर सांगेन. जूनमध्ये लाइन ट्रेनिंग सुरू झालं की ओल्या धावपट्टीवर को-पायलटला लँडिंग देण्यावर बंधनं येतात, ट्रेनर स्वतःच उतरवतो, तुमच्या फॉर्मवरचे रकाने रिकामे राहतात आणि लाइन रिलीज दसऱ्यापर्यंत लांबतं.