"नवरा चार वर्षांत गेला, मी कशी राहिले?" याचं उत्तर कसं द्यावं

ठाण्यातल्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मी चौदा वर्षं काउन्सेलर आहे. काउन्सेलर म्हणून नव्याने टेबलावर बसणाऱ्या मुलामुलींना गोळ्यांच्या वेळा, टीबीची लक्षणं सगळं पाठ असतं. अडतात ते याच प्रश्नावर: एचआयव्ही दोघांनाही, मग नवरा चार वर्षांत गेला आणि मी कशी राहिले? "देवाची कृपा" म्हणून विषय मिटवू नका. बाई समोर उत्तरासाठी बसलेली असते.

आधी तारखा विचारा. लागण कधी झाली हे बहुतेकांना ठाऊक नसतं, ठाऊक असते ती तपासणीची तारीख. "चार वर्षांत गेला" तो माणूस तपासणीआधी सात वर्षं विषाणू घेऊन फिरत असेल. बरीच कोडी इथेच सुटतात. टीबी होता का, वय काय होतं, हेही विचारून घ्या. औषधांशिवाय लागणीपासून एड्सपर्यंत साधारण आठ-दहा वर्षं जातात. पण कुणाचं तीन वर्षांतच आटोपतं, कुणी वीस वर्षं तग धरतं.

तरी कोडं उरलंच, तर जनुकांकडे वळा. मी एखाद्या पाठकोऱ्या कागदावर चित्र काढते: पेशीचं दार, त्याला दोन कड्या, सीडी४ आणि सीसीआर५. एचआयव्हीला आत शिरायला सहसा दोन्ही लागतात. १९९६ साली कळलं की काही जणांच्या सीसीआर५ जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आई-वडील दोघांकडून तसंच जनुक आलं तर ती कडी दारावर बसतच नाही आणि लागण सहसा होत नाही. एकाकडूनच आलं तर लागण होऊ शकते, आजार मात्र सहसा हळू सरकतो. बर्लिनमध्ये एचआयव्ही आणि रक्ताचा कर्करोग असलेल्या टिमथी ब्राउनला असाच दाता शोधून अस्थिमज्जा दिली होती. तो एचआयव्हीतून बरा झाला. लोक हे यूट्यूबवर बघून येतात, म्हणून पुढचं वाक्य लगेच सांगा: हा फरक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतो, आपल्याकडे फार क्वचित.

आपल्या माणसांना एचएलए ही दुसरी जनुकं समजावणं जास्त कामाचं. मला ते एका कोळीणमावशींमुळे जमलं. त्यांना विचारलं, "मासळी ताजी आहे हे कसं दाखवता?" "कल्ला उघडून. लाल दिसला की गिऱ्हाईक बोलत नाही." तसंच आहे. लागण झालेली पेशी आतल्या विषाणूचा तुकडा बाहेर धरते, तो ओळखून मारेकरी पेशी तिला संपवतात. धरणारा हात म्हणजे एचएलए. काहींचा हात शेपटी धरतो. विषाणू शेपटी बदलतो आणि निसटतो. एचएलएच्या बी५७ किंवा बी२७ प्रकारचा हात कल्ला धरतो. तो बदलायचा तर विषाणू स्वतःच लंगडा होतो. बी३५ च्या काही प्रकारांत आजार भरभर वाढतो.

मावशी म्हणाल्या, "मंजे आमच्या मालकांचा हात शेपटीवर व्हता." अशा वेळी "हो" म्हणू नका. तपासणी झालेली नाही. "असेलही" म्हणा.

आता सगळ्यात नाजूक भाग. मागच्या वर्षी एक तरुण खासगी लॅबचा जनुक रिपोर्ट घेऊन आला. बी५७:०१, पुढे "संरक्षक" असं छापलेलं. त्या एका शब्दावर त्याने पाच महिने गोळ्या बंद ठेवल्या होत्या. जिभेवर पांढरा थर, आणि एरवी न सापडणारा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) हजारांत. रिपोर्ट विकणाऱ्यांना "गोळ्या थांबवू नका" हे सांगायचं सुचलं नव्हतं. म्हणून असा कागद पुढे आला की वाचण्याआधी विचारा, "गोळी चालू आहे ना?" २०१७ पासून आपल्याकडे रक्तातल्या सीडी४ पेशींची संख्या कितीही असो, लागण कळली की उपचार सुरू होतात. जनुक चांगलं म्हणून त्यात सूट नाही.

पण रिपोर्ट परत पिशवीत टाकू देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. बी५७:०१ असलेल्यांना अबाकाविर या औषधाची जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. त्या मुलाच्या गोळ्यांत ते नव्हतं. डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं, "अबाकाविर कधीही नको", आणि नेहमीची बाटली त्याच्या हातात दिली.