अर्थशास्त्राच्या प्रकल्पाला पुरस्कार देताय? या चुका टाळा

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलं राबून संशोधन प्रकल्प करतात. निरोप समारंभात त्यातल्या एकाला 'उत्कृष्ट प्रकल्प' म्हणून शाल-श्रीफळ मिळतं, पण तो प्रकल्प नेमका कशासाठी उत्कृष्ट ठरला हे सभागृहात कुणालाच सांगता येत नाही. कोल्हापूरच्या कॉलेजांत हे थांबायला हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकूण गुण बघून नाव काढणं. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचा सत्कार जरूर करा, पण तो वेगळा. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पहिल्या सहा सत्रांत 75 टक्क्यांची अट घातलेली आहेच. गुणांची चाळण एकदा लागली, पुरस्काराला पुन्हा तीच कशाला?

दुसरी चूक प्रकल्प न वाचता चाळण्याची. जाड बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरं बघून परीक्षक भुलतात. आपल्याकडचा नेहमीचा विषय घ्या, ऊसदर. 2024-25 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 340 रुपये होती. कच्चा प्रकल्प लगेच लिहितो, 'शेतकऱ्याला टनाला 3400 रुपये मिळाले.' पण उताऱ्याप्रमाणे दर बदलतो, बिलातून तोडणी-वाहतूक वजा होते, सोसायटीचं कर्ज असेल तर तेही कापलं जातं. ज्या मुलाने शिरोळकडच्या शेतकऱ्याचं बिल हातात घेऊन पाहिलंय, त्याच्या तक्त्यात तोडणी-वाहतुकीचा वेगळा रकाना सापडतोच. असा रकाना असलेला चाळीस पानी प्रकल्प मी दीडशे पानांच्या पोथीच्या वर ठेवीन.

म्हणून व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्याच, आणि भरलेल्या प्रश्नावल्या टेबलावर मागवा. नियमाप्रमाणे उसाचे पैसे 14 दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. तुझ्या नमुन्यातल्या किती जणांना वेळेत मिळाले, एवढं विचारलं तरी काम कुणी केलंय ते कळतं. सर्वेक्षणाच्या तारखाही बघा. गुऱ्हाळांच्या अभ्यासात तारीख जुलैची दिसली तर माहिती कुठून आणली हे विचारायलाच हवं, कारण भर पावसात बहुतेक गुऱ्हाळं बंद असतात. पन्नास उत्तरं आपल्याच गल्लीतून भरून घेऊन निष्कर्ष जिल्ह्याचा काढला असेल, तर विद्यार्थ्याने ती मर्यादा स्वतः लिहिली आहे का तेही पाहा. लिहिली असेल तर ती त्याच्या बाजूने धरा.

साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण इंग्रजी लेख मराठीत उतरवून काढला तर तो या आकड्यात दिसेलच असं नाही.

मार्गदर्शक स्वतः परीक्षक नको. शेजारच्या कॉलेजातले एक सर किंवा मॅडम बोलावल्या की झालं. गटाने केलेला प्रकल्प असेल तर मंचावर सगळ्यांना बोलवा, गटप्रमुखाला एकट्याला नको. आणि एखाद्या वर्षी पात्र काम आलंच नाही तर पुरस्कार राखून ठेवायची तयारी ठेवा.

समारंभात पाहुण्यांचं भाषण तासभर आणि मुलाच्या वाट्याला फोटोपुरता वेळ, हा प्रकार तर मला अजिबात पटत नाही. त्याला सात-आठ मिनिटं द्या, आपला एक तक्ता पडद्यावर लावून तो बोलू दे. मानपत्रात 'उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल' लिहू नका. 'ऊसबिलांतली तोडणी-वाहतुकीची कपात वेगळी काढून शेतकऱ्याच्या हाती पडणारा दर दाखवला, याबद्दल' असं लिहा. घरी वडिलांनी ते वाचलं की पोराने काय केलं ते त्यांना समजेल. नाव छापण्याआधी स्पेलिंग त्याच्याकडूनच तपासून घ्या. तारीख परीक्षेआधीची धरा, निकालानंतर निम्मी मुलं पुण्याला गेलेली असतात.

ज्यांनी बिलं दाखवली त्या शेतकऱ्यांना आमंत्रण आणि मराठीत दोन पानांचा सारांश पाठवा. प्रकल्पाची एक प्रत कोऱ्या प्रश्नावलीसह ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथून पुढे जाता येईल.